पिन बँकेने काढला, जोखीमही बँकेनेच घ्यावी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ अधूनमधून फिरून येतो. लोकलच्या गर्दीत एक माणूस हातातलं कार्ड मशीन पुढच्याच्या मागच्या खिशाला टेकवतो, बीप वाजते आणि खात्यातले पैसे जातात. खाली ठळक अक्षरांत इशारा: वायफायची खूण असलेलं कार्ड असेल तर आजच सावध व्हा. पाठोपाठ कोणीतरी कार्डाचा सिग्नल अडवणाऱ्या आरएफआयडी पाकिटाची लिंक टाकतं आणि दोन-चार जण ते पाकीट मागवूनही टाकतात.

ही भीती पूर्ण खोटी नाही. पण तिचं बोट चुकीच्या माणसाकडे आहे. आपण लोकलमधल्या त्या चोरावर नजर ठेवून बसतो आणि ज्यांना जाब विचारायला हवा, त्यांना कोणी काही विचारत नाही.

आधी चोराचं बघू. वायफायची खूण असलेल्या, म्हणजे टॅप करायच्या कार्डात बॅटरी नसते. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. मशीनजवळ नेलं की मशीनच्या चुंबकीय क्षेत्रावर चिप जागी होते आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलू लागते. हे बोलणं चार-पाच सेंटिमीटरच्या आतलं, लांबून सहज ऐकू येणारं नाही. प्रत्येक व्यवहारासाठी चिप एक नवा सांकेतिक आकडा तयार करते आणि तो पुन्हा चालत नाही. कार्डामागे छापलेले तीन आकडे हवेतून जातच नाहीत. जातो तो कार्ड नंबर आणि मुदत संपण्याची तारीख. टॅपची, म्हणजे एनएफसीची सोय असलेला अँड्रॉइड फोन आणि एखादं फुकट ॲप घेऊन स्वतःच्या कार्डावर बघा, हे दोन्ही दिसतील. पण तेवढ्यावर भारतातल्या वेबसाइटवर खरेदी होत नाही, ओटीपी लागतो. परदेशातल्या काही वेबसाइट ओटीपी विचारत नाहीत हे खरं, मात्र त्यासाठी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू असावा लागतो. तुमचा चालू असेल आणि तुम्ही परदेशी जाणार नसाल, तर तो आत्ता बंद करा. हा लेख नंतर वाचलात तरी चालेल.

राहिला मशीन घेऊन फिरणारा. कार्ड मशीन वाटेल त्याला मिळत नाही. व्यापारी म्हणून नोंदणी लागते, केवायसी लागतं, बँक खातं लागतं. टॅपने गेलेले पैसे त्या माणसाच्या हातात पडत नाहीत, त्या खात्यात जमा होतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी. दहा जणांचे खिसे असे कापले तर दहा तक्रारी एकाच मशीनच्या नंबरावर येतील. भाड्याच्या खात्यांचा धंदा आपल्याकडे जोरात आहे, त्यामुळे हे अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण चोराच्या दृष्टीने हा मेहनतीचा आणि लवकर पकडला जाण्याचा उद्योग आहे. पाकिटात दोन टॅप कार्डं चिकटून असली तरी मशीन बऱ्याचदा गोंधळतं. महागडं पाकीट घ्यायची गरज नाही, डब्याला गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल तेच काम करते.

२०२२ च्या जूनमध्ये असाच एक व्हिडिओ देशभर फिरला होता. सिग्नलवर गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे उडवतो, असं त्यात दाखवलं होतं. फास्टॅगची व्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला खुलासा करावा लागला की फास्टॅगमधून पैसे फक्त नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला जाऊ शकतात, माणसाकडून माणसाला नाही. खुलासा किती जणांनी वाचला कोण जाणे. सिग्नलवरच्या पोरांना मात्र पुढे बराच काळ गाडीवाल्यांच्या शिव्या खाव्या लागल्या असणार, याचं मला आजही वाईट वाटतं. चुकीच्या भीतीचं बिल कोणीतरी गरीबच भरतो.

आता खरा धोका.

कार्ड हरवतं. रिक्षात पडतं, हॉटेलच्या टेबलावर राहतं, चोरीला जातं. ज्याला सापडलं त्याला पूर्वी पिन माहीत असावा लागायचा. आता पाच हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०१५ मध्ये टॅप व्यवहारांना पिनमधून सूट दिली, तेव्हा मर्यादा दोन हजारांची होती. १ जानेवारी २०२१ पासून ती पाच हजार झाली. कोविडचे दिवस होते, मशीनच्या बटणांना हात लावायची लोकांना भीती होती, आणि तो निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता. कोविड सरला, पाच हजार राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहारांच्या प्रमाणीकरणाचे नवे निर्देश काढले, त्यातही ही सूट तशीच ठेवली.

पाच हजार हा एका व्यवहाराचा आकडा आहे. किराणा दुकानात पाच हजार, पलीकडच्या मोबाईलच्या दुकानात पाच हजार, मग पेट्रोल पंप. असे किती वेळा टॅप होऊ द्यायचे? २०१५ च्या परिपत्रकात याचं उत्तर बँकांवर सोडलं होतं: दिवसाला, आठवड्याला, महिन्याला किती पिनविना व्यवहार चालतील याचं बंधन बँकांनी आपापल्या सोयीने घालावं. युरोपात हे सोयीवर सोडलेलं नाही. तिथे एका टॅपची मर्यादा पन्नास युरो आहे, आणि सलग पाच टॅप झाले किंवा एकूण दीडशे युरो ओलांडले की कार्डाने पिन मागितलाच पाहिजे. यातला कोणता निकष लावायचा ते बँक ठरवते, पण एक तरी लावावाच लागतो. तुमच्या बँकेने किती टॅपनंतर पिन मागायचा ठरवलंय? कस्टमर केअरला फोन करून विचारा. सरळ आकडा सांगणारा माणूस मिळाला तर तुमची बँक चांगली आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हरवलेल्या कार्डावर चार-पाच टॅप झाले. सकाळी उठून तुम्ही मेसेज बघितले, कार्ड ब्लॉक केलं, तक्रार केली. पुढे काय होतं? अनेकांना काउंटरवर ऐकायला मिळतं ते एकच वाक्य: कार्ड सांभाळायची जबाबदारी तुमची होती. माणूस खाली मान घालून घरी येतो. कार्ड आपणच हरवलं होतं, हे त्याच्या मनात आधीपासून असतंच.

त्याने मान खाली घालू नये म्हणून हे सदर आज लिहितो आहे. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचा. संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाने किती तोटा सोसायचा, ते त्यात लिहिलं आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचा तोटा शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, व्यवस्थेत कुठेतरी आहे, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरी तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, साध्या बचत खात्याला दहा हजार. निष्काळजीपणा तुमचा असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, आणि तिथे उदाहरण दिलं आहे ते पिन, ओटीपीसारखा गुप्त तपशील दुसऱ्याला सांगण्याचं. शेवटचं आणि सगळ्यांत मोलाचं कलम: ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. तुम्ही निर्दोष आहात हे तुम्ही सिद्ध करायचं नाही.

आता हे टॅपला लावून बघा. पिन टाकून झालेल्या व्यवहारात बँक म्हणू शकते की पिन तुम्हीच कोणाला सांगितला असणार. टॅपमध्ये ती काय म्हणणार? पिन मागितलाच नव्हता. तुम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. समोरचा माणूस कोण आहे हे न तपासता पैसे सोडायचं, हे बँकेने ठरवलं. त्यातून खरेदी वाढली, रांगा आखडल्या, बँकेचा धंदा वाढला. दाराची कडी बँकेने काढायची आणि चोरी झाली की घरमालकाला विचारायचं, दार उघडं कसं? हे चालणार नाही. पिनविना झालेल्या आणि ग्राहकाने वेळेत नाकारलेल्या प्रत्येक टॅपचा तोटा बँकेने सोसावा, काउंटरवर वाद न घालता.

ही माझी हौस नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पेमेंट सेवा निर्देशात तत्त्व असं आहे की, बँकेने ग्राहकाची पक्की ओळख मागितलीच नसेल, तर ग्राहकाने स्वतः लबाडी केल्याशिवाय त्याच्यावर तोटा टाकता येत नाही. इतकं सरळ वाक्य आपल्या परिपत्रकात यायला हवं. टॅप हा शब्द घालून, आडपडदा न ठेवता.

बँकांकडून उत्तर येईल की टॅप बंद करायचा पर्याय ग्राहकाला दिलेला आहे. दिलेला आहे, आणि नियम चांगला आहे. जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड हाती येतं तेव्हा ते फक्त भारतात, एटीएममध्ये आणि मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतंच चालू असायला हवं. ऑनलाइन, परदेश आणि टॅप हे तिन्ही ग्राहकाने मागून घ्यायचे. जुन्या कार्डावर टॅप कधीच वापरला नसेल तर तो बँकेने आपणहून बंद करायचा. चालू-बंद करायची सोय चोवीस तास, ॲपवर, नेट बँकिंगवर, एटीएमवर, फोनवर.

प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कार्ड येतं, ॲपमध्ये पिन बनवताना एकामागून एक पाटी येते, आपण घाईत 'पुढे' दाबत जातो, आणि शेवटी कोणकोणते दरवाजे उघडले ते लक्षात राहत नाही. आई-वडिलांची कार्डं तर आपणच चालू करून देतो, आपल्या सवयीने, सगळं चालू करून. सांगलीत राहणाऱ्या पेन्शनर बाईंनी शाखेत जाऊन 'माझ्या कार्डाचं हे टॅप का काय ते बंद करून द्या' म्हटलं, तर त्यांना ॲप डाउनलोड करायला सांगितलं जातं. शाखेतून ही सोय देण्याची सक्ती परिपत्रकात नाही, देता येईल असं आहे. ज्यांना ॲप येत नाही त्यांनाच या बंद बटणाची सर्वांत जास्त गरज आहे. शाखेत एका कागदावर सही घेऊन टॅप बंद करून देणं याला कसलं तंत्रज्ञान लागतं?

मेसेजचंही तसंच. २०१७ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं होतं की आलेल्या एसएमएसला ग्राहकाला तिथल्या तिथे उत्तर देऊन 'हा व्यवहार माझा नाही' असं कळवता आलं पाहिजे. तुमच्या बँकेच्या मेसेजला उत्तर पाठवून बघा. बहुतेक मेसेज ज्या नावाने येतात त्या नावाला उत्तर जातच नाही. मेसेजमधल्या बारीक अक्षरांत दुसरा नंबर शोधावा लागतो. आणि अनेक ज्येष्ठांच्या खात्याला नंबर जोडलेला असतो मुलाचा, मुलगा असतो कॅलिफोर्नियात. इथे दुपारी टॅप होतो, तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. आईचा नंबर आईच्या खात्याला जोडा. तिला मेसेज वाचता येत नसेल तर शेजारच्या कोणाला तरी दाखवायला सांगा.

एक सवय मात्र आपल्या हातात आहे. मोबाईलच्या मागच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवणं आजपासून बंद करा. लोकलच्या दारात फोन खेचला गेला की कार्डही जातं, मेसेज चोराच्या हातातल्या स्क्रीनवर दिसतात आणि ब्लॉक करायला तुमच्याकडे फोन उरत नाही. पेट्रोल पंपावर आणि हॉटेलात कार्ड दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मशीन तुमच्यापर्यंत आणायला सांगा, आकडा वाचा, मग स्वतः टेकवा. पिन नाही म्हटल्यावर आकडा वाचणं हीच तुमची सही. मेट्रोच्या कार्डावर चिपमध्ये भरलेले पैसे रोख रकमेसारखे असतात, कार्ड गेलं की सहसा तेही गेले. तिथे आठवड्याच्या प्रवासापुरतेच भरा.

आता पुढचा धोका, जो त्या व्हॉट्सॲप व्हिडिओत नाही. २०२० मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन अँड्रॉइड फोन वापरून दाखवलं की टॅपच्या संभाषणातला एक संदेश मधल्या मधे बदलून व्हिसा कार्डाचा पिन टाळता येतो. मशीनला वाटतं, पिनची खातरजमा ग्राहकाच्या फोनवर झाली आहे. ते प्रयोगशाळेतल्या लोकांनी स्वतःच्या कार्डांवर केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने चेक प्रजासत्ताकातला प्रकार उघड केला, त्यात लोकांचे खरे पैसे गेले होते. करपरताव्याचा खोटा मेसेज, मग बँकेतून बोलतोय म्हणून फोन, मग सुरक्षेसाठी म्हणून एक ॲप. त्या ॲपने पिन विचारला आणि शेवटी सांगितलं की कार्ड फोनच्या मागे टेकवा. टेकवलेल्या कार्डाचं बोलणं इंटरनेटवरून चोराच्या फोनमध्ये पोचलं आणि चोराने एटीएममधून रोकड काढली. प्राग शहरात त्याच वर्षी मार्चमध्ये एक जण पकडला गेला होता. जर्मनीतल्या डार्मस्टाट तंत्र विद्यापीठात विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी बनवलेली एक प्रणाली या ॲपच्या मुळाशी होती.

तिथे चोराला पिन लागला, कारण त्याला एटीएममधून नोटा हव्या होत्या. आपल्याकडे दुकानात पाच हजारांपर्यंत खरेदी करायला तो पिनही विचारावा लागणार नाही. केवायसीच्या नावाने, वीजबिलाच्या नावाने अस्खलित मराठीत फोन करणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट आज सांगून ठेवा: फोनवर कोणीही, कोणत्याही कारणासाठी, 'कार्ड मोबाईलला लावा' म्हणालं की फोन ठेवायचा. ओटीपी सांगू नका हे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडायला कित्येक वर्षं गेली. या वेळी तेवढी वाट बघायला नको, आणि बँकांनी हे वाक्य आपल्या जाहिरातींत आत्ताच घालावं.

ग्राहकाच्या निष्काळजीपणावर व्याख्यान देणाऱ्या बँकांना पुण्याच्या एका गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये नेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, काही तर आपल्या कोल्हापुरातून. त्यासाठी लोकलमधल्या कोणाच्या खिशाला मशीन टेकवावं लागलं नाही. कुठल्याही खातेदाराने पिन सांगितला नव्हता. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा सुनावली. बँकेने तेव्हा खातेदारांच्या ठेवींना धक्का लागणार नाही असं जाहीर केलं, आणि ते योग्यच होतं. ९४ कोटींच्या वेळी जो न्याय लागू होतो, तो पाच हजारांच्या टॅपला लागू का होऊ नये?

आणि तुमच्यावर वेळ आलीच, तर क्रम असा. आधी कार्ड ब्लॉक करा, दुकानदाराशी किंवा शाखेशी बोलणं नंतर. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या, तीन दिवसांचा हिशेब त्यावरच होणार आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. मग बँकेला लेखी द्या, मराठीत दिलंत तरी चालेल: हे व्यवहार मी केलेले नाहीत, त्यांना पिन मागितला गेला नव्हता, ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार माझी जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम माझ्या खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी. पत्राच्या प्रतीवर शिक्का घ्या. देत नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्याकडे जा, उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही, आणि चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.